सही शिकवली, वाचन राहिले

गेल्या डिसेंबरात माझी नात महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरावरून परतली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थकवा आणि अभिमान यांचे सारखेच मिश्रण होते. सात दिवस ती वाशिमजवळच्या एका खेड्यात राहून आली होती. पिशवी खाली ठेवताच तिने सांगितले, "आजोबा, आम्ही एकतीस बायकांना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवले." मी सहज विचारले, "आणि कधी पाठवू नयेत, ते शिकवले का?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तेवढा वेळ नव्हता."

त्या तीन शब्दांनी मला शेहेचाळीस वर्षे मागे नेले. वेळ मलाही मिळाला नव्हता, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली होती. ती हकीकत आजवर घरातही कधी पूर्ण सांगितली नव्हती. महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली आपल्या प्रत्येक घरात आहेत, म्हणून येथे लिहीत आहे.

मी वाणिज्य शाखेत शिकत होतो, तेव्हा वाशिम हा जिल्हा नव्हता. अकोला जिल्ह्यातील एक तालुका होता. जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. अमरावती विद्यापीठही तेव्हा नव्हते, ते १ मे १९८३ रोजी स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. आमच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या. राष्ट्रीय सेवा योजना मात्र आमच्याही आधीची. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ती सुरू केली. त्या वेळी स्वयंसेवक होते चाळीस हजार. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, असा अर्थ आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आला. दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे आणि एक शिबिर करावयाचे, हा नियम आजही आहे.

नियम सांगणे सोपे आहे. घरून परवानगी मिळणे सोपे नव्हते. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण, पाणी गाळून पिणे आणि कंदमुळे वर्ज्य. शिबिराची दिनचर्या वाचून आईने कागद बाजूला ठेवला: सायंकाळी सात ते नऊ प्रौढवर्ग आणि नऊ वाजता भोजन. त्यातही रोज बटाट्याचा रस्सा. वडील म्हणाले, जाऊ दे, दहा दिवस फुटाणे खाऊन राहील. आईने फुटाणे, गूळ आणि पाणी गाळण्याचे फडके बांधून दिले. मी निघालो.

१९७९ च्या जानेवारीतील ही गोष्ट. २ ऑक्टोबर १९७८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला होता आणि पंधरा ते पस्तीस या वयोगटातील निरक्षरांना शिकविण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना साद घातली होती. आमचे शिबिर वाशिम-मंगरूळपीर रस्त्यापासून आत असलेल्या एका बंजारा तांड्यावर लागले. दिवसा शोषखड्डे खणणे, नाल्या काढणे. रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एका बाजूला बसून फुटाणे खात होतो. तांड्याच्या नायकाच्या घरातील म्हातारीने ते पाहिले. काय प्रकार आहे, हे तिने मुलाकडून समजून घेतले. तिसऱ्या दिवसापासून ऊन उतरू लागले की तिचा नातू मला बोलवायला येई. चुलीपुढे ज्वारीची भाकरी, कांदा-लसणाशिवायचे तुरीचे वरण आणि मिठाबरोबर हिरवी मिरची. माझ्या फडक्याने ती स्वतः पाणी गाळून ठेवी. तांड्यात आईला याडी म्हणतात. मीही तिला याडीच म्हणू लागलो. आठ दिवसांत तिने एकदाही विचारले नाही की हा नियम कशासाठी. मी त्या तांड्याची सेवा करायला गेलो होतो, असे अहवालात नमूद आहे. प्रत्यक्षात कोणी कोणाची केली, हे वाचकांनीच ठरवावे.

रात्रीच्या वर्गाला तेवीस जण होते. त्यांची घरची भाषा गोरबोली, मराठी बाजारापुरती. आमच्या पुस्तकात 'क' कमळाचा होता आणि कमळ त्यांपैकी कोणी पाहिलेले नव्हते. आम्ही 'क' कापसाचा केला. तरीही दहा दिवसांत मुळाक्षरे, बाराखडी आणि वाचन होणे शक्य नव्हते. सातव्या दिवशी आमच्या प्रमुख प्राध्यापकांनी हिशेब मांडला: निदान प्रत्येकाला स्वतःचे नाव लिहिता आले पाहिजे. मग आम्ही अक्षरे सोडली आणि नावे धरली. प्रत्येकाचे नाव पाटीवर लिहून द्यायचे आणि त्याने ते पन्नास वेळा गिरवायचे. मी एक युक्ती काढली होती. आधी लांब शिरोरेषा ओढायची आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरे तिला टांगायची. हात थरथरणाऱ्यांना तिचा आधार वाटे. माझ्या गटातील एक तिशीचा गडी तर रेषा इतकी लांब ओढी की अक्षरे संपली तरी ती चालूच राही. सगळे हसत, तोही हसे.

शेवटच्या रात्री समारोप झाला. एकवीस जणांनी पाहुण्यांसमोर स्वाक्षरी करून दाखवली. अहवालात आम्ही लिहिले, 'एकवीस प्रौढ साक्षर'. वास्तविक जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जो कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकतो, तोच साक्षर. आमच्यापैकी कोणी ती व्याख्या वाचलेली नव्हती, आणि वाचली असती तरी त्या रात्री कोणी आठवली नसती. निघताना मी सांगितले की दर शनिवारी येत जाईन. चार शनिवार गेलो. मग वार्षिक परीक्षा आली, नंतर सुट्टी, नंतर पुढचे वर्ष. पुन्हा गेलो नाही.

१९८१ मध्ये मी बँकेत लिपिक म्हणून लागलो. नोकरी करीतच एम. कॉम. झालो, अधिकारी झालो आणि १९८७ साली याच भागातील एका शाखेत कर्जवसुलीचे काम माझ्याकडे आले. शाखेचे नाव देत नाही. चूक कोणा एका शाखेची नव्हती, रीतच तशी होती. थकीत कर्जांचे गठ्ठे चाळताना एका बैलजोडीच्या कर्जाची फाईल हाती आली. कर्जदार गाव सोडून गेलेला. मी जामीनदाराचे पान उलटले. तेथे तीन अक्षरे होती, आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारी रेषा अक्षरे संपल्यावरही दोन बोटे पुढे गेलेली होती.

ते हस्ताक्षर मी ओळखले, हे सांगायला नकोच.

त्याला नोटीस गेली, तो शाखेत आला. मला पाहून त्याला आनंद झाला. माझ्याकडे मात्र आनंदाला जागा नव्हती. मी विचारले, जामीन का राहिलास? त्याला जामीन हा शब्दच नीट ठाऊक नव्हता. तो म्हणाला, "मास्तर, बैल त्यानं घेतले. सायबानं मले विचारलं, सही येते का? म्या म्हटलं, येते. म्हून केली." तो साक्षीदार म्हणून सही करीत आहे, अशी त्याची समजूत होती. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे कलम मी परीक्षेत दोनदा लिहिले होते. एका माणसासमोर बसून ते पहिल्यांदा त्या दिवशी उच्चारले.

येथे बँकेतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंगठा लावणारा ग्राहक आला की अधिकाऱ्याला सावध राहावे लागे. कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावल्याचा दाखला घ्यायचा, ओळख पटवणारा साक्षीदार आणायचा. यात वेळ जाई म्हणून कर्मचारी कुरकुर करीत, पण अंगठ्याभोवती ते एक कुंपण होते. सही करणारा आला की कुंपण आपोआप खाली येई. सही करतो म्हणजे वाचत असणार, असे गृहीत धरले जाई. छापील नमुने इंग्रजीत असले तरीही. म्हणजे आमच्या शिबिरापूर्वी हा माणूस आला असता, तर कोणीतरी त्याला कागद वाचून दाखविण्याची शक्यता होती. आम्ही त्याच्या हाती लेखणी दिली आणि त्याचे ते संरक्षण काढून घेतले. वाचन दिले असते तर हरकत नव्हती. ते आम्ही दिलेच नाही.

मी काय करू शकलो? फारसे काही नाही. व्याजात नियमाने बसेल तेवढी सवलत मिळवून दिली आणि हप्ते लहान पाडले. त्याने शेळ्या विकल्या, दोन हंगाम मजुरीसाठी बाहेरगावी राहिला आणि १९८९ च्या उन्हाळ्यात कर्ज पूर्ण फेडले. प्रत्येक हप्त्याला तो एक गोष्ट न चुकता करी. पावती हाती दिली की घडी घालण्यापूर्वी म्हणे, "वाचून दाखवा." मी वाचून दाखवत असे, दिनांक, रक्कम, शिल्लक, सर्व. एकदा रांग मोठी होती म्हणून मी टाळाटाळ केली, तर तो बाजूला उभा राहिला आणि रांग संपेपर्यंत हलला नाही.

पुढल्याच वर्षी, १९९० मध्ये, केंद्राची कृषी व ग्रामीण कर्जमाफी आली. २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकीत असलेली कर्जे दहा हजार रुपयांपर्यंत माफ झाली. हे खाते तोवर पूर्ण भरून बंद झाले होते, त्यामुळे यादीत त्याचा प्रश्नच नव्हता. त्याने भरले नसते तर त्याला भरावेच लागले नसते. कर्जमाफी बरी की वाईट, या वादात मला येथे शिरायचे नाही. बँकेत तो आयुष्यभर ऐकला. परंतु यादी लावताना माझ्या डोळ्यांपुढे त्याच्या शेळ्या होत्या, एवढे खरे.

तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याची गोष्ट निघाली की मी जरा सावध होतो. याचा अर्थ मुलांनी घरी बसावे असा नाही. मी स्वतः घरी बसलेलो नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१७ साली कारंजा तालुका होता. ८ एप्रिल ते २२ मे, असे पंचेचाळीस दिवस गावांनी श्रमदान करायचे. भारतीय जैन संघटनेने या कामासाठी यंत्रे उपलब्ध करून दिली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. पुढच्या वर्षी १ मे रोजी महाश्रमदान झाले, त्यात शहरांतील हजारो लोक आणि विद्यार्थी खेड्यांत उतरले. मीही कारंजा तालुक्यातील एका गावी गेलो होतो. निवृत्तीला थोडाच अवधी होता. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे होते. हायड्रोमार्कर नावाची साधी पाणपातळीची नळी घेऊन गावकऱ्यांनी आधीच चुन्याच्या रेषा आखल्या होत्या. त्या रेषेवरचे प्रत्येक टोक एकाच उंचीवर असले पाहिजे. नाहीतर पाणी चरात थांबण्याऐवजी एका टोकाकडे धावते आणि तेथून चर फुटतो.

विद्यार्थ्यांनी दोन तास मोठ्या उमेदीने कुदळी मारल्या, छायाचित्रे काढली आणि ऊन चढताच ती मंडळी बसमध्ये बसली. मी मागे राहिलो. गावातली माणसे निमूटपणे चरांचा तळ सारखा करीत होती, काठावर टाकलेली माती योग्य बाजूला ओढत होती. मी एकाला विचारले, यांच्यामुळे तुमचे काम वाढले का? तो हसला. "थोडं वाढलं. पण महिनाभर आम्हीच एकमेकांचे तोंडं पाहून रायलो होतो. कोणी येते म्हटलं का गावातले बसलेलेबी उठतात." हे उत्तर मला पटले. दोन तासांच्या पाहुण्याचा उपयोग असतो. तो चर खणण्यात नसतो, एवढेच. पाहुण्याने स्वतःला गवंडी समजू नये.

तांड्यात मात्र आम्ही पाहुणे नव्हतो. शिक्षक म्हणवून घेतले होते, आणि शिक्षकाला चौथ्या शनिवारनंतर थांबता येत नाही. आज महाविद्यालये गाव 'दत्तक' घेतात. मला हा शब्द खटकतो. दत्तक घेतलेल्या मुलाला परीक्षा आली म्हणून कोणी परत पाठवत नाही. त्यापेक्षा दोन वर्षांचे २४० तास एकाच वस्तीसाठी, मग ती दहा घरांची का असेना, राखून ठेवले तर त्यातून काही उभे राहू शकेल. सोय आता पूर्वीपेक्षा अधिक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात राष्ट्रीय सेवा योजना ही सहअभ्यासक्रमात मोडते आणि तिला श्रेयांक मिळतात. २०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. 'उल्लास' या नावाने तो ओळखला जातो. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवायचे आणि वाचन, लेखन, संख्याज्ञान यांची चाचणी घ्यायची, अशी त्याची रचना आहे. केवळ सहीवर तेथे भागत नाही. आर्थिक आणि डिजिटल साक्षरताही त्यात धरलेली आहे. २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची निवड झाली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्यासमवेत आपल्या वाशिमचे नाव होते. त्यामुळे विद्यार्थ्यांना काम शोधायला दूर जावे लागेल, अशी स्थिती नाही.

श्रेयांकासाठी केलेली सेवा ही सेवा नव्हे, असे म्हणणारे ज्येष्ठ मला भेटतात. माझे मत निराळे आहे. मीही बिल्ल्यासाठी गेलो होतो आणि खरे सांगायचे तर अभ्यासातून दहा दिवस सुटका हवी होती. कोण कशासाठी आला, याची याडीने चौकशी केली नव्हती.

हे सर्व नातीला सांगितले. तिने मधे एकदाही मोबाइल उचलला नाही, यावरून ती ऐकत होती असे मी समजतो. मग आम्ही दोघांनी मिळून एक टिपण केले. बँकेतील छत्तीस वर्षांचा अनुभव आणि तिचे बोटांचे कौशल्य, अशी भागीदारी. पैसे पाठवताना यूपीआय पिन लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही टाकावा लागत नाही. कोणी 'पैसे जमा करतो, पिन टाका' म्हणाले की तो भामटा. क्यूआर कोड स्कॅन केल्याने खात्यातून पैसे जातात, खात्यात येत नाहीत. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. बचत गटाच्या कर्जावर सही करण्यापूर्वी आपण कर्जदार आहोत, जामीनदार की साक्षीदार, हे विचारायचे. हे शेवटचे कलम माझ्या आग्रहाने घातले.

जानेवारीपासून दर रविवारी आम्ही त्या खेड्यात जातो. माझी स्कूटर आणि मागे ती. एकतीस बायकांपैकी नियमित येणाऱ्या बारा. कापूस वेचणीच्या दिवसांत पाचच होत्या. आता वाचनही सुरू केले आहे. वीजबिल, रेशनकार्ड, बसची पाटी, खतांच्या पोत्यावरची अक्षरे. अंक त्यांना आमच्यापेक्षा चांगले येतात, जोडाक्षरांशी मात्र झगडा चालू आहे. नातीची परीक्षा मार्चमध्ये आहे. त्या महिन्यात वर्ग एकट्याने घ्यायचा, असे मी कबूल केले आहे.

मागच्या रविवारी वर्ग संपल्यावर नातीने महाविद्यालयाची हजेरीवही पुढे केली. पहिल्या दोघींनी सह्या केल्या. तिसरी पन्नाशीची बाई होती. तिने वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "पोरी, याच्यात वर काय लिवलं हाये?" नात म्हणाली, "काही नाही मावशी, फक्त हजेरी." बाई म्हणाली, "मंग वाच." नातीने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले. तिने मथळा वाचला. "मी नाही, तिलाच वाचू द्या," असे कोणीतरी मागून म्हणाले आणि वही बाईच्या मांडीवर आली. 'राष्ट्रीय' हा शब्द लागायलाच पाच मिनिटे गेली. 'उपस्थिती'ला त्याहून जास्त. मग उरलेल्या साऱ्याजणी एकेक करून तोच मथळा वाचायला बसल्या, कारण त्यांनाही न वाचता सही करायची नव्हती.

आम्ही गाव सोडले तेव्हा सूर्य मावळून गेला होता. माझे त्या दिवशीचे जेवण राहिले. वाटेत नातीने दोनदा विचारले, "आजोबा, भूक लागली असेल ना?" मी तिला गाडीचा दिवा नीट लागतो आहे का ते पाहायला सांगितले.